न दिसणे आणि नसणे: रक्तातील एका प्रथिनाच्या निमित्ताने

एखादी वस्तू आढळत नाही एवढ्यावरून ती नाही असे म्हणता येते काय, आणि येत असेल तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्राने, म्हणजे ज्ञानाची साधने आणि त्यांची विश्वसनीयता यांचा विचार करणाऱ्या शास्त्राने, शेकडो वर्षे लावून धरला. त्याला धार आली ती ईश्वराच्या वादामुळे. जे कोणालाच कधी दिसले नाही ते मानावे कशासाठी, असे जडवादी चार्वाक विचारीत, आणि न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते हे तरी कशावरून, असा उलट प्रश्न न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, करीत. या वादात जी बौद्धिक साधने घडली ती ईश्वराच्या प्रश्नापुरती मर्यादित राहण्यासारखी नव्हती. रक्त गोठवणारे एखादे मानवी प्रथिन रुग्णाच्या रक्तात आहे की नाही हे प्रयोगशाळेत प्रतिपिंडाच्या आधारे ठरवले जाते, तेव्हा तेथेही एका अदृश्य वस्तूच्या अस्तित्वाचा किंवा अभावाचा निर्णय एका साक्षीवरून केला जात असतो, आणि त्या निर्णयात ज्या चुका संभवतात त्यांची वर्गवारी न्याय, मीमांसा आणि बौद्ध परंपरांनी फार पूर्वी करून ठेवलेली आहे. या परंपरांचा प्रयोगशाळेशी काही ऐतिहासिक संबंध आहे असे येथे सुचवायचे नाही, आणि प्राचीनांना सारे ठाऊक होते असा दावा तर मुळीच करायचा नाही. अभावाच्या ज्ञानासाठी त्यांनी घातलेली अट आजही तितकीच बंधनकारक आहे, एवढेच दाखवायचे आहे.

प्रथम प्रतिपिंड म्हणजे काय ते पाहू. शरीरात परके द्रव्य शिरले की त्या द्रव्याच्या पृष्ठभागावरील एखाद्या लहानशा भागाला घट्ट चिकटणारी प्रथिने शरीर तयार करते. त्या प्रथिनांना प्रतिपिंड म्हणतात आणि ज्याला ती चिकटतात त्याला प्रतिजन म्हणतात. सशाला किंवा उंदराला माणसाचे प्रथिन टोचले तर ते त्याच्या शरीराला परके असल्यामुळे त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात, आणि ते वेगळे काढून माणसाच्या रक्तातील तेच प्रथिन शोधण्यासाठी वापरता येतात. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी प्रतिपिंड निर्माण करणारी उंदराची पेशी कर्कपेशीशी जोडून तिच्यापासून एकाच जातीचा, हवा तितका प्रतिपिंड मिळवण्याची रीत शोधली. अशा प्रतिपिंडाला मोनोक्लोनल म्हणतात. या कामासाठी १९८४ चे नोबेल पारितोषिक त्यांना नील्स येर्ने यांच्याबरोबर मिळाले. प्रतिपिंड प्रतिजनाला चिकटला हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला रंग निर्माण करणारे एखादे विकर जोडतात. प्लॅस्टिकच्या तबकडीतील खळगी रंगली, की त्या रंगावरून विकर, विकरावरून प्रतिपिंड आणि प्रतिपिंडावरून प्रथिन असा तर्क केला जातो. स्टॉकहोममध्ये १९७१ च्या सुमारास विकसित झालेल्या या पद्धतीला एलायझा म्हणतात. येथे प्रत्यक्ष दिसतो तो फक्त रंग. पुढचे सारे अनुमान आहे, आणि धुरावरून अग्नी जाणणाऱ्या अनुमानाला जे नियम लागू होतात ते सारे या अनुमानालाही लागू होतात.

ज्या प्रथिनाच्या संदर्भात हे नियम विशेष कसाला लागले ते म्हणजे फॅक्टर ८. जखम झाल्यावर रक्त गोठते ते एकामागून एक कार्यान्वित होणाऱ्या प्रथिनांच्या साखळीमुळे. या साखळीत फॅक्टर ८ हा फॅक्टर ९ चा साहाय्यक म्हणून फॅक्टर १० ला कार्यान्वित करण्यात भाग घेतो, आणि तो नसला किंवा निकामी असला तर हिमोफिलिया ए हा रक्तस्रावाचा आनुवंशिक विकार होतो. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे हा विकार मुख्यतः पुरुषांत, सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला आढळतो. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, फॅक्टर ८ जेमतेम ०.१ ते ०.२ मायक्रोग्रॅम असतो, तर एकूण प्रथिने ६० ते ८० मिलिग्रॅम असतात. म्हणजे काही लाख भागांत एक भाग एवढे हे प्रथिन विरळ आहे. दीर्घकाळ ते शुद्ध स्वरूपात कोणाच्याही हाती आले नव्हते आणि त्याची ओळख केवळ त्याच्या कार्यावरून होत होती: ज्या रक्तद्रवात फॅक्टर ८ नाही त्यात रुग्णाचा रक्तद्रव मिसळून गोठण्यास किती वेळ लागतो ते मोजायचे, आणि त्यावरून तो किती आहे ते ठरवायचे.

१९७१ मध्ये थिओडोर झिमरमन, ऑस्कर रॅटनॉफ आणि ए. ई. पॉवेल यांनी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे केलेले काम प्रसिद्ध झाले, आणि या विषयाला तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने विलक्षण अशी कलाटणी मिळाली. त्यांनी माणसाच्या रक्तद्रवातून, त्या काळी शक्य होता तेवढा शुद्ध करून, फॅक्टर ८ सशांना टोचला आणि सशांच्या सीरममधून त्याविरुद्धचे प्रतिपिंड मिळवले. या प्रतिपिंडांनी निरोगी माणसांच्या रक्तात प्रतिजन दाखवला, हे अपेक्षितच होते. परंतु ज्यांच्या रक्तात फॅक्टर ८ चे कार्य जवळजवळ शून्य होते त्या हिमोफिलियाच्या रुग्णांतही त्यांनी तो निरोगी माणसांइतकाच दाखवला, आणि फॉन विलेब्रांड या वेगळ्या विकाराच्या रुग्णांत मात्र तो कमी असल्याचे दाखवले. हा दुसरा विकार एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडच्या वैद्याने १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरील एका कुटुंबात प्रथम वर्णिला होता. निदानासाठी हा शोध फारच उपयोगी होता, कारण दोन्ही विकारांत फॅक्टर ८ चे कार्य कमी भरत असल्यामुळे त्यांच्यात घोटाळा होत असे, आणि आता त्यांना वेगळे करणारे खात्रीचे लक्षण सापडले होते. हिमोफिलियाच्या रुग्णांत फॅक्टर ८ चा रेणू तयार होतो पण तो निकामी असतो, असे अनुमान त्यावरून स्वाभाविकपणे निघाले.

ते अनुमान चुकीचे होते, आणि चूक प्रयोग करणाऱ्यांच्या हातून कोणत्याही निष्काळजीपणाने झालेली नव्हती. फॅक्टर ८ रक्तात एकटा फिरत नाही. फॉन विलेब्रांड घटक या प्रचंड आकाराच्या दुसऱ्या प्रथिनाला बांधलेला असा तो फिरतो, आणि हे दुसरे प्रथिन मिलिलिटरला सुमारे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे फॅक्टर ८ च्या किमान पन्नासपट असते. शुद्धीकरणात ही जोडी फुटली नव्हती. सशांच्या शरीराने प्रतिपिंड तयार केले ते मुख्यतः या विपुल प्रथिनाविरुद्ध, आणि पुढे अनेक वर्षे जे नाव त्या प्रतिजनाला दिले गेले, म्हणजे ‘फॅक्टर ८-संबंधित प्रतिजन’, ते प्रत्यक्षात एका वेगळ्याच वस्तूचे नाव होते. १९८४ मध्ये फॅक्टर ८ चे आणि १९८५ मध्ये फॉन विलेब्रांड घटकाचे जनुक वेगळे करण्यात आले, पहिले एक्स गुणसूत्रावरचे आणि दुसरे बाराव्या गुणसूत्रावरचे, आणि १९८५ मध्येच आंतरराष्ट्रीय समितीने नावांची फेररचना सुचवली.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत या प्रसंगाचे विश्लेषण अतिशय नेमके होते. अनुमानाचा प्राण व्याप्ती, म्हणजे जेथे जेथे हेतू (ज्यावरून अनुमान करायचे ते चिन्ह) तेथे तेथे साध्य (जे सिद्ध करायचे ते) असा अपवाद नसलेला संबंध. नैयायिकांनी बजावले आहे की वारंवार एकत्र आढळणे, ज्याला ते भूयोदर्शन म्हणतात, हे व्याप्तीसाठी पुरेसे नाही, कारण दोन गोष्टी एखाद्या तिसऱ्या, न दिसणाऱ्या अटीमुळे एकत्र येत असू शकतात. या लपलेल्या अटीला ‘उपाधी’ म्हणतात, आणि तिचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अग्नीवरून धुराचे अनुमान: अग्नीबरोबर धूर पुष्कळदा दिसतो खरा, पण तो ओल्या इंधनाशी संयोग झाल्यामुळे, आणि तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. उपाधीचे लक्षण असे की ती साध्याला व्यापते, पण हेतूला व्यापत नाही. सशाच्या प्रतिपिंडाला मिळालेला प्रतिसाद हा हेतू आणि फॅक्टर ८ चे अस्तित्व हे साध्य धरले, तर एक्स गुणसूत्रावरील जनुक प्रथिन घडवण्यास समर्थ असणे ही येथील उपाधी ठरते. फॅक्टर ८ जेथे आहे तेथे ती असतेच, परंतु प्रतिपिंडाचा प्रतिसाद तिच्यावाचूनही मिळतो. निरोगी माणसांच्या हजारो नमुन्यांतून ही उपाधी कधीच उघड झाली नसती. ती उघड करण्याचे सामर्थ्य ज्या रक्तात जोडीपैकी एकच प्रथिन उरले आहे अशाच रक्तात होते, म्हणजे विकारग्रस्त माणसाच्या रक्तात. अन्वयाबरोबरच, म्हणजे हेतू तेथे साध्य हे पाहण्याबरोबरच, व्यतिरेकाला, म्हणजे साध्य नाही तेथे हेतूही नाही हे पडताळण्याला, नैयायिकांनी जे महत्त्व दिले त्याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणे कठीण आहे.

याहून अवघड प्रश्न अभावाचा आहे. खळगी रंगली नाही, तर प्रथिन नाही असे म्हणावे काय? जमिनीवर घट नाही हे ज्ञान कसे होते यावर दर्शनांमध्ये तीव्र मतभेद आहेत. नैयायिक म्हणतात की अभावाचेही प्रत्यक्षच होते. कुमारिलभट्टाचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैती म्हणतात की अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण आहे. प्राभाकर मीमांसकांच्या मते अभाव नावाचा वेगळा पदार्थच नाही, केवळ रिकामी जमीन आहे. आणि सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती अनुपलब्धीला अनुमानातील एक हेतू मानतो. इतके मतभेद असूनही अनुपलब्धी निर्णायक मानणाऱ्या सर्वांचे एका गोष्टीवर मतैक्य आहे, आणि प्रस्तुत विषयात तीच सर्वांत मोलाची आहे: नुसते न आढळणे पुरत नाही, असती तर आढळलीच असती अशी परिस्थिती असली पाहिजे. ही परिस्थिती म्हणजे योग्यता, आणि ती असताना न आढळणे म्हणजे योग्यानुपलब्धी. अंधारात घट दिसला नाही तर त्यावरून घट नाही हे ठरत नाही, आणि पिशाच दिसत नाही एवढ्यावरून त्याचे नसणेही ठरत नाही. दुसऱ्या बाबतीत, धर्मकीर्तीच्या मते, फार तर संशय शिल्लक राहतो.

प्रयोगशाळेत ही योग्यता गृहीत धरून चालत नाही, ती प्रत्येक वेळी सिद्ध करावी लागते. रुग्णाच्या नमुन्याशेजारी ज्यात प्रथिन निश्चित आहे असा नमुना ठेवतात. तो रंगला नाही तर त्या दिवसाचे सारे नकार रद्द होतात. संशय अधिक असेल तर रुग्णाच्याच नमुन्यात ते प्रथिन ठरावीक प्रमाणात मुद्दाम मिसळतात आणि ते तितकेच परत मोजले जाते का हे पाहतात, कारण नमुन्यातीलच एखादे द्रव्य प्रतिपिंडाच्या आड येत असेल तर ते याच रीतीने कळते. ‘येथे घट असता तर दिसला असता’ हा जो तर्क नैयायिक मनात करीत, तो येथे हाताने करून पाहिला जातो. प्रतिपिंडाची योग्यता कार्यागणिक बदलते हेही ध्यानात घ्यावे लागते: प्रथिनाच्या घडीदार आकाराला ओळखणारा प्रतिपिंड, तेच प्रथिन उष्णतेने आणि रसायनांनी उलगडून टाकले की त्याला ओळखीनासा होतो, आणि मग प्रथिन समोर असूनही नकार मिळतो. नकाराचे असे कितीतरी मार्ग असल्यामुळे होकारापेक्षा नकाराची जबाबदारी अधिक मोठी आहे, असे म्हणावे लागते.

याची महाराष्ट्रातील एक साक्ष वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त वर्णिले की ज्याच्या तांबड्या पेशी ए आणि बी या दोन्ही प्रतिपिंडांना प्रतिसाद देत नव्हत्या, म्हणून ते ओ गटाचे वाटावे. परंतु त्याचे सीरम ओ गटाच्या पेशींचीही गुठळी करीत होते. ज्या एच या मूळ द्रव्यापासून ए आणि बी घडतात तेच या रक्तात नव्हते. ए आणि बी यांच्या प्रतिपिंडांचा नकार एचविषयी काहीच सांगत नाही, कारण एच पाहण्याची योग्यता त्यांच्यात नाही. अशा माणसाला ओ गटाचे रक्त चढवले तर जीव धोक्यात येतो. पुढे ‘बाँबे’ या नावाने जगभर ओळखला गेलेला हा गट म्हणजे अयोग्य साधनाच्या नकारावर विसंबण्याविरुद्धचा कायमचा इशारा आहे. ए, बी आणि एच ही शर्करायुक्त चिन्हे फॉन विलेब्रांड घटकावरही असतात, आणि ओ गटाच्या माणसांत तो घटक इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी असतो, हे जाताजाता नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. रक्तात कोणतीही वस्तू एकटी नसते याचाच तो आणखी एक दाखला.

ईश्वराच्या वादाकडे आता परत पाहता येते. दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्याने ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात योग्यतेच्या याच अटीवर चार्वाकांचा आक्षेप परतवला. न दिसणारे ते नाहीच असे धरले, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने बायकापोरे दिसत नाहीत म्हणून ती नाहीतच असे मानून छाती पिटून रडत बसावे लागेल, असे तो म्हणतो. ईश्वर इंद्रियांना दिसण्यास योग्यच नाही, म्हणून त्याचे न दिसणे त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही. हा युक्तिवाद बिनतोड आहे, पण त्याची व्याप्ती नीट मोजली पाहिजे. त्याने नकार निष्प्रभ होतो, होकार सिद्ध होत नाही, आणि उदयनाला हे पुरते ठाऊक होते, म्हणून त्याने ईश्वरासाठी स्वतंत्र अनुमाने मांडण्याचे कष्ट घेतले. श्रद्धेच्या बाजूने आज पुष्कळदा केला जाणारा युक्तिवाद, की विज्ञानाला ईश्वराचा अभाव दाखवता आलेला नाही, तो उदयनाच्या अर्ध्या वाटेवरच थांबतो. उलट, उपकरणांत काही आढळले नाही म्हणून काही नाही असे म्हणणारा, त्या उपकरणांची योग्यता दाखवल्याशिवाय, चार्वाकाच्याच अडचणीत सापडतो. प्रयोगशाळेतील नकार याहून बलवान ठरतो तो एकाच कारणाने: प्रथिन ही स्वभावतः आढळण्याजोगी वस्तू आहे, आणि ती आढळेल अशी व्यवस्था मुद्दाम उभारता येते.

धर्मकीर्तीने आणखी एक प्रश्न निर्माण करून ठेवला आहे. त्याच्या मते जे काही कार्य घडवून आणू शकते तेच सत्. या सामर्थ्याला तो अर्थक्रिया म्हणतो. हिमोफिलियाच्या काही रुग्णांत, १९७१ च्या चुकीच्या अनुमानाशी संबंध नसलेल्या अशा, नंतरच्या आणि अचूक प्रतिपिंडांनी फॅक्टर ८ भरपूर दाखवला, पण रक्त गोठत नव्हते. म्हणजे वस्तू होती, तिची अर्थक्रिया नव्हती. येथे वस्तू आहे म्हणावे की नाही? गोठण्याची अर्थक्रिया नसली तरी प्रतिपिंडाला बांधून घेण्याची अर्थक्रिया तो रेणू करतोच, म्हणून धर्मकीर्तीच्या कसोटीनेही तो सत् ठरतो. फक्त ज्या कार्यावरून त्याला फॅक्टर ८ हे नाव मिळाले ते कार्य त्याच्यात नाही. ‘आहे काय’ हा प्रश्न ‘कोणत्या कार्याच्या रूपाने आहे’ असा विचारल्याशिवाय पुरा होत नाही, हे बौद्ध मताचे खरे सामर्थ्य येथे प्रत्ययाला येते.

प्रतिपिंडाच्या बाटलीवरील चिठ्ठी हे शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर आधारलेले ज्ञानसाधन, आहे, आणि नैयायिकांच्या मते शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा आप्त, म्हणजे वस्तू यथार्थ जाणणारा आणि जशी जाणली तशी सांगणारा, असेल तरच. २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्ल्यूकथुन यांनी शंभराहून अधिक वैज्ञानिकांच्या सह्यांनिशी ‘नेचर’मध्ये असे आवाहन केले की संशोधनात वापरले जाणारे प्रतिपिंड प्रमाणित व्हावेत, कारण बाजारातील पुष्कळ प्रतिपिंड सांगितलेल्या प्रथिनाला ओळखत नाहीत किंवा त्याच्याबरोबर इतरांनाही ओळखतात. पुढच्या वर्षी सुचवल्या गेलेल्या पडताळणीच्या रीतींत, जनुक काढून टाकलेल्या पेशीत प्रतिसाद थांबतो का हे पाहण्याची रीत अग्रभागी होती, आणि ती म्हणजे व्यतिरेकच. या प्रश्नाला अहिंसेची बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. पारंपरिक प्रतिपिंड सशाच्या वा उंदराच्या शरीरातून येतो, आणि ज्या प्रतिपिंडाची साक्ष खोटी ठरते त्याच्यासाठी प्राण्याला दिलेल्या वेदनेचे कोणतेही समर्थन उरत नाही. प्राण्यांशिवाय, जनुकांच्या संग्रहातून प्रतिपिंड निवडण्याच्या रीती आता उपलब्ध आहेत, आणि जैन विचाराने हिंसेच्या जाणीवपूर्वक संकोचाला जे स्थान दिले ते मान्य असणाऱ्याने त्यांचा आग्रह धरणे सुसंगत होईल.

क्लीव्हलंडच्या चुकीतून झिमरमन यांच्या हाती पुढे एक उत्तम साधन आले. फॉन विलेब्रांड घटकाला पकडणारे प्रतिपिंड स्तंभात बसवून त्यावरून रक्तद्रव सोडला की ती जोडी अडकून राहते, आणि मग कॅल्शियमच्या क्षाराने फॅक्टर ८ तेवढा सुटा करता येतो. १९८० च्या दशकात या रीतीने तो प्रथिनरूपाने शुद्ध मिळू लागला. ज्या प्रतिपिंडाने वस्तूविषयी भलतीच साक्ष दिली, त्याच जातीचे प्रतिपिंड, त्यांची साक्ष कोणाविषयी आहे हे कळल्यावर, त्या वस्तूपर्यंत नेणारे ठरले.

आज या क्षेत्रात जुन्या पेचाची उलटी बाजू उभी राहिली आहे. एमिसिझुमॅब हे २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले औषध स्वतःच एक प्रतिपिंड आहे. त्याचा एक हात कार्यान्वित फॅक्टर ९ ला आणि दुसरा फॅक्टर १० ला धरतो, आणि त्यामुळे फॅक्टर ८ चे काम फॅक्टर ८ शिवाय घडते. अशा रुग्णाच्या रक्ताची गोठण्याच्या वेळेवर आधारलेली नेहमीची चाचणी केली, तर ती फॅक्टर ८ भरपूर असल्याचे सांगते, जरी तो जवळजवळ नसला तरी. एकेकाळी वस्तूची साक्ष मिळत होती आणि कार्य नव्हते. आता कार्याची साक्ष मिळते आणि वस्तू नसते. हा भ्रम टाळण्यासाठी गायीच्या रक्तातून मिळवलेले फॅक्टर ९ आणि १० वापरणारी, रंगावर आधारलेली वेगळी चाचणी करतात, कारण हे औषध गायीच्या या प्रथिनांना ओळखत नाही आणि जे कार्य दिसते ते रुग्णाच्या स्वतःच्या किंवा त्याला टोचलेल्या फॅक्टर ८ चेच असते. म्हणूनच अशा रुग्णाच्या अहवालात नुसता आकडा लिहून भागत नाही. तो कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या प्राण्याच्या प्रथिनांवर मिळाला हेही लिहावे लागते, आणि ते लिहिलेले नसेल तर रक्तस्राव झालेल्या रुग्णाला फॅक्टर ८ द्यायचा की नाही याचा निर्णय डॉक्टरला त्या आकड्यावरून घेता येत नाही.